विमानाचे तिकीट वाचायचे कसे? सुट्टीचा प्रवास पहिल्यांदाच आखणाऱ्यांसाठी

तिकिटावर '१५ मे, ००:३५' असे छापलेले असेल, तर घरातून १४ मेच्या संध्याकाळीच निघायचे असते. काही वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातली चार माणसे १५ तारखेचे रात्रीचे जेवण लवकर आटोपून, देवापुढे नारळ ठेवून, निवांतपणे विमानतळावर पोचली, तेव्हा त्यांचे विमान जाऊन एकवीस तास झाले होते. तिकिटात काहीही चूक नव्हती, आणि ते तिकीट मीच काढून दिलेले होते. 'तारीख १५, वेळ रात्री साडेबारा' एवढेच मी फोनवर सांगितले होते, आणि रात्र म्हणजे दिवसाचा शेवट असे धरून चालणाऱ्या माणसांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

तेव्हापासून घरातल्या कोणाचेही तिकीट काढायचे असले की मी त्यांना शेजारी बसवतो आणि पडद्यावर येणारा प्रत्येक शब्द वाचून दाखवतो. विमान कंपन्यांची भाषा अवघड नाही, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द हा एक छोटा करार असतो: काही बिनसले तर ते कोणी निस्तरायचे आणि पैसे कोणाच्या खिशातून जायचे, हे त्या शब्दानेच ठरते. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे, ज्या क्रमाने हे शब्द तिकीट काढताना समोर येतात. उदाहरणासाठी पुण्याचे एक कुटुंब घेऊ, ज्यात नवरा-बायको, आजी, पाच वर्षांचा मुलगा आणि पावणेदोन वर्षांची मुलगी आहे, आणि ज्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत थायलंडला जायचे आहे.

शहर नव्हे, विमानतळ निवडा

शोधाच्या चौकटीत शहराचे नाव लिहिले की त्याच्यासमोर तीन अक्षरे उमटतात. मुंबईसाठी बी-ओ-एम, पुण्यासाठी पी-एन-क्यू, नागपूरसाठी एन-ए-जी, नाशिकसाठी आय-एस-के. हे विमानतळाचे सांकेतिक नाव असते आणि शहराचे नाव बदलले म्हणून ते बदलत नाही, त्यामुळे मुंबईच्या विमानतळावर जुने 'बॉम्बे' अजूनही शिल्लक आहे. ही अक्षरे नुसती शोभेची नाहीत, कारण एका शहराला दोन विमानतळ असले की फरक तेवढ्यावरूनच कळतो. गोव्यात दाबोळीचा विमानतळ जी-ओ-आय आहे, तर ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ जी-ओ-एक्स. मोपा पेडणे तालुक्यात आहे, म्हणजे हरमल, मोरजी किंवा थेट सावंतवाडीकडे जाणाऱ्याला सोयीचा. कोलवा किंवा पाळोळेला उतरणाऱ्याने मात्र दाबोळी घेतलेला बरा. भाड्यात पाचशे रुपये वाचवून मोपाला उतरायचे आणि दक्षिण गोव्यापर्यंत टॅक्सीला त्याच्या कितीतरी पट मोजायचे, हा हिशेब पुष्कळांचा चुकतो.

मुंबईपुरतेही आता हे लागू झाले आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली असून त्याचे सांकेतिक नाव एन-एम-आय आहे. पुण्याहून द्रुतगती मार्गाने येणाऱ्यांना तो जवळचा, बोरिवलीकरांना लांबचा. ज्या संकेतस्थळांवर 'मुंबई, सर्व विमानतळ' असा पर्याय आधीच निवडलेला असतो, तिथे जाताना सहारच्या जुन्या विमानतळावरून आणि येताना नवी मुंबईला असे मिश्रण सहज गळ्यात पडते. जुन्या विमानतळावरही पहिले टर्मिनल आणि दुसरे टर्मिनल वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत, एकातून चालत दुसऱ्यात जाता येत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणे दुसऱ्या टर्मिनलवरून होतात. आपल्या कुटुंबाला बँकॉकमध्येही हाच प्रश्न आहे, कारण तिथे सुवर्णभूमी हा बी-के-के आणि डॉन म्युआंग हा डी-एम-के, आणि या दोहोंच्या मध्ये अख्ख्या बँकॉकची रहदारी आहे.

नॉनस्टॉप, डायरेक्ट आणि व्हाया

बोलताना आपण सगळ्यालाच 'डायरेक्ट फ्लाइट' म्हणतो. तिकिटाच्या भाषेत मात्र नॉनस्टॉप आणि डायरेक्ट हे दोन वेगळे शब्द आहेत. नॉनस्टॉप म्हणजे विमान इथून उडाले की थेट मुक्कामीच उतरणार. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक शेवटपर्यंत एकच राहणार, पण विमान वाटेत कुठेतरी उतरू शकते, काही प्रवासी उतरतात, नवे चढतात आणि आपण बहुधा आपल्या जागेवरच बसून राहतो. ट्रॅव्हल एजंट याला 'हॉपिंग फ्लाइट' म्हणतात, आणि आजीसारख्या ज्येष्ठ प्रवाशासाठी तो वाईट पर्याय नसतो, कारण विमान बदलण्याची धावपळ टळते. तिसरा प्रकार कनेक्टिंग उड्डाणाचा, म्हणजे मधल्या विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानात बसायचे. संकेतस्थळावर दुसरा आणि तिसरा हे दोन्ही प्रकार 'वन स्टॉप' याच नावाखाली दिसू शकतात, म्हणून त्या ओळीवर टिचकी मारून आतला तपशील उघडावा आणि उड्डाण क्रमांक एक आहे की दोन, हे बघावे.

मधल्या थांब्याच्या लांबीवरूनही शब्द बदलतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात चोवीस तासांपर्यंतच्या थांब्याला लेओव्हर किंवा ट्रान्झिट म्हणतात, आणि त्याहून मोठ्या थांब्याला स्टॉपओव्हर. काही कंपन्या आपल्या मुख्य शहरात दोन दिवसांचा स्टॉपओव्हर वेगळे भाडे न लावता देतात, आणि सुट्टीच्या प्रवासात तो एक जादा गाव पाहिल्यासारखा उपयोगी पडतो. मात्र त्या मधल्या देशात विमानतळाबाहेर पडायचे असेल तर त्याचा व्हिसा लागू शकतो. काही देश तर विमानतळाच्या आत नुसते विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा मागतात. हे नियम पासपोर्टनुसार ठरतात आणि बदलत राहतात, म्हणून ते पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहायचे असतात, भरल्यानंतर नव्हे.

एक पीएनआर की दोन

या लेखातले एकच प्रकरण लक्षात ठेवायचे असेल तर ते हे. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो; विमानाचा सहा खुणांचा, अक्षरे आणि आकडे मिसळून. तो म्हणजे आपल्या आरक्षणाची नोंद. त्याशिवाय प्रत्येक प्रवाशाचा तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक वेगळा असतो, ज्याचे पहिले तीन आकडे कंपनी सांगतात, जसे एअर इंडियाचे ०९८. आरक्षण होणे आणि तिकीट निघणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पीएनआर आला पण तेरा आकडी क्रमांक आला नाही, तर पैसे कुठेतरी अडकले असण्याची शक्यता असते आणि जागा आपोआप सुटू शकते. काही स्वस्त भाड्याच्या कंपन्या मात्र पीएनआरवरच काम भागवतात, तिथे 'कन्फर्म्ड' हा शब्द पाहावा.

आता आपल्या कुटुंबाकडे वळू. त्यांना आधी बँकॉक, मग फुकेत. मुंबई ते बँकॉक हे एका कंपनीचे तिकीट आणि बँकॉक ते फुकेत हे दुसऱ्या स्थानिक कंपनीचे स्वस्त तिकीट, असे त्यांनी वेगवेगळे घेतले आणि दोन्ही उड्डाणे एकाच दिवशी ठेवली, तर मधला सांधा त्यांचा स्वतःचा झाला. पहिले विमान तीन तास उशिरा पोचले तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने हे पाच जण वेळेवर न आलेले प्रवासी, म्हणजे 'नो-शो', आणि त्यांचे तिकीट बुडीत. पहिली कंपनी म्हणणार की आम्ही तुम्हाला बँकॉकला पोचवले, आमचा करार संपला. तेच दोन्ही टप्पे एका पीएनआरवर असते, तर पुढच्या मोकळ्या विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीची राहिली असती. तिकिटे शोधणारी काही संकेतस्थळे अशी दोन सुटी तिकिटे एकत्र करून एकाच प्रवासासारखी दाखवतात आणि बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' असे लिहितात. या दोन शब्दांचा अर्थ असा की सामान तुम्ही घ्यायचे, इमिग्रेशन तुम्ही ओलांडायचे, पुन्हा चेक-इन, म्हणजे सामान देऊन बोर्डिंग पास घेणे, तुम्ही करायचे, आणि चुकले तर तुम्ही भरायचे. मी स्वतः असे तिकीट घेणारच नाही असे नाही, पण मग दोन उड्डाणांच्या मध्ये रात्र ठेवतो.

एका तिकिटावरच्या सांध्यालाही एक किमान वेळ असते, जिला मिनिमम कनेक्टिंग टाइम म्हणतात. प्रत्येक विमानतळासाठी ती ठरलेली असते आणि त्याहून कमी अंतराची जोडणी प्रणाली विकतच नाही. पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे. एकट्या तरुणाला पन्नास मिनिटांत गेट गाठता येईल. चाकाच्या खुर्चीतली आजी, झोपलेले बाळ आणि 'मला सू लागली' म्हणणारा पाच वर्षांचा मुलगा सोबत असताना आंतरराष्ट्रीय सांध्यासाठी दोन-अडीच तास धरावेत, असे माझे मत आहे.

याच ठिकाणी 'कोडशेअर' हा शब्द भेटतो. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक असतो आणि त्याखाली 'ऑपरेटेड बाय' म्हणून दुसऱ्या कंपनीचे नाव. उदाहरणार्थ, एअर इंडियाचा क्रमांक असलेले तिकीट घेऊन सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात बसण्याची वेळ येऊ शकते. यात फसवणूक काही नाही, पण कोणत्या काउंटरवर जायचे, हातातले सामान किती चालते आणि जेवण मिळते का, याची उत्तरे विमान चालवणाऱ्या कंपनीकडे असतात, विकणाऱ्याकडे नव्हे. म्हणून उड्डाण क्रमांकापेक्षा 'ऑपरेटेड बाय' ही ओळ अधिक लक्षपूर्वक वाचावी.

जाण्या-येण्याचे तिकीट काढताना तीन पर्याय दिसतात: एकेरी, परतीचे आणि मल्टी-सिटी. नवखा प्रवासी तिसऱ्याकडे बघतही नाही, पण आपल्या कुटुंबाला तोच उपयोगी आहे. जाताना मुंबई ते बँकॉक आणि येताना फुकेत ते मुंबई, मधला प्रवास रेल्वे-बसने किंवा वेगळ्या तिकिटाने, अशा रचनेला ओपन-जॉ म्हणतात. नकाशावर काढले तर उघड्या जबड्यासारखा आकार दिसतो म्हणून. परत विमान पकडण्यासाठी पुन्हा बँकॉकला जाण्याचा एक दिवस आणि पाच जणांचे भाडे त्यात वाचते. एक इशारा मात्र हवा. परतीच्या किंवा मल्टी-सिटी तिकिटातले टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिला टप्पा सोडून दिला, तर 'नो-शो' धरून पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, परतीचा प्रवाससुद्धा. 'मुंबईऐवजी आम्ही दिल्लीहूनच चढतो' असे कंपनीला न कळवता ठरवणाऱ्यांना हे विमानतळावर कळते.

भाड्याच्या आकड्यात काय काय असते

पडद्यावरचा मोठा आकडा आणि शेवटी खात्यातून जाणारा आकडा यांत अंतर पडते, कारण भाडे अनेक थरांचे असते. आकडे नुसते समजण्यासाठी घेतो. मूळ भाडे ३,२०० रुपये आणि इंधन अधिभार ५०० रुपये, हा कंपनीचा वाटा. त्यावर इकॉनॉमी वर्गासाठी ५ टक्के जीएसटी, म्हणजे १८५ रुपये. इकॉनॉमीच्या वरच्या वर्गांना २२ सप्टेंबर २०२५ पासून हाच कर १८ टक्के आहे. मग विमानतळ सुरक्षा शुल्क, जे देशांतर्गत प्रवासाला जीएसटीसह २३६ रुपये धरू. मग यूडीएफ म्हणजे विमानतळ वापरण्याचे शुल्क, ते विमानतळागणिक बदलते, इथे ४०० रुपये धरू. शेवटी तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाची सुविधा फी, ज्याला कन्व्हीनियन्स फी म्हणतात, समजा ३५० रुपये. एकूण ४,८७१ रुपये झाले.

हे थर एवढ्यासाठी ओळखायचे की तिकीट रद्द केल्यावर प्रत्येक थराचे नशीब वेगळे असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमानुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात जास्तीत जास्त ३,७०० रुपये कापले जातील. 'नॉन-रिफंडेबल' असे ठळक लिहिलेल्या सवलतीच्या तिकिटावरही वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळायलाच हवीत, आणि विमान चुकलेल्या नो-शो प्रवाशालाही तो हक्क आहे. आपल्या नात्यातल्या त्या चार जणांना हे मी नंतर मिळवून दिले; रक्कम फार नव्हती, पण अर्ज केला नसता तर तीही आली नसती. सुविधा फी मात्र गेली ती गेलीच.

'रिफंडेबल' या शब्दाने फार हुरळून जाऊ नये. त्याचा अर्थ 'सगळे पैसे परत' असा नसून 'शुल्क कापून उरेल ते परत' असा असतो. तारीख बदलण्याचेही तसेच आहे: बदल शुल्क वेगळे, आणि नव्या तारखेचे भाडे जास्त असेल तर 'फेअर डिफरन्स' म्हणजे भाड्यातला फरक वेगळा. 'झीरो चेंज फी' असे लिहिलेले असते तेव्हा पहिले शुल्क माफ असते, दुसरे नाही, आणि ऐन मे महिन्यात दुसरेच मोठे असते. तिकीट काढल्यानंतर थोडा काळ, आणि प्रवासाला पुरेसे दिवस शिल्लक असतील तरच, विनाशुल्क रद्द किंवा दुरुस्त करण्याची सोय डीजीसीएच्या नियमांत आहे. तिची मुदत आणि अटी वेळोवेळी बदलत आल्या आहेत, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या वाचाव्यात आणि तिकीट हाती येताच त्याच तासात नाव, तारीख, विमानतळ तपासून घ्यावेत.

एकाच विमानातल्या शेजारच्या दोन माणसांनी वेगळे भाडे भरलेले असते, त्याचे कारण 'बुकिंग क्लास'. इकॉनॉमी हा एक डबा दिसत असला तरी कंपनीच्या हिशेबात त्याचे दहा-बारा कप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येकाला एक अक्षर असते. स्वस्त कप्प्यातल्या जागा संपल्या की पुढचा उघडतो. यातून एक युक्ती निघते. आपण चार जागा एकदम मागितल्या आणि स्वस्त कप्प्यात तीनच उरलेल्या असल्या, तर प्रणाली चौघांनाही पुढच्या महाग कप्प्याचे भाडे लावते. म्हणून आधी एका प्रवाशासाठी भाडे पाहावे, मग चौघांसाठी, आणि दर माणशी फरक दिसला तर तीन आणि एक अशी फोड करून हिशेब घालावा. तसे केल्यास पीएनआर दोन होतात, हे ध्यानात ठेवून मुलांना मोठ्या माणसाबरोबरच्या पीएनआरमध्ये ठेवावे. संकेतस्थळावरून एका वेळी साधारणतः नऊच जागा घेता येतात. दहा किंवा अधिक माणसांचे 'ग्रुप बुकिंग' कंपनीकडे वेगळे करावे लागते, आणि ते दर वेळी स्वस्त पडते असे मुळीच नाही.

'सेव्हर', 'व्हॅल्यू', 'फ्लेक्सी' ही नावे म्हणजे त्याच जागेची वेगवेगळी पॅकेजे. बसायची खुर्ची तीच, फरक सामान, जेवण, जागा निवडण्याची मुभा आणि रद्द करण्याच्या शुल्कात. दोन पॅकेजांतला फरक आठशे रुपये असेल आणि तुम्हाला तसेही सामान आणि जेवण विकत घ्यायचे असेल, तर वरचे पॅकेज घेणे शहाणपणाचे. नुसती पाठपिशवी घेऊन जाणाऱ्याला खालचे पुरते. जागा निवडण्याच्या पानावर पैशांशिवाय पुढे जाता येणार नाही असा भास होतो, पण 'स्किप' हा शब्द कुठेतरी कोपऱ्यात असतो. प्रवास विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली नाही ना, हेही त्याच नजरेने पाहावे.

रेल्वेची सवय असलेल्यांना विमानात वेटिंग लिस्ट नसते याचे समाधान वाटते. उलट एक वेगळीच गोष्ट असते: 'ओव्हरबुकिंग', म्हणजे काही जण येणार नाहीत असे धरून जागांपेक्षा जास्त तिकिटे विकणे. सगळेच आले तर कोणाला तरी 'डिनाइड बोर्डिंग' होते, म्हणजे तिकीट असूनही विमानात चढू देत नाहीत. भारतातल्या नियमानुसार कंपनीने तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात सोय केली तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत केली तर एकेरी मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. आधी चेक-इन केलेल्याला हा अनुभव येण्याची शक्यता कमी, म्हणून वेब चेक-इन, म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरून घरबसल्या करायचे चेक-इन, उघडताच करून टाकावे.

नाव पासपोर्टप्रमाणे

मराठी नावांची इथे एक खास अडचण होते. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात अनेकदा स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव अशी दोन्ही असतात, तर 'सरनेम'मध्ये आडनाव. तिकिटाच्या 'फर्स्ट नेम' चौकटीत पहिल्या रकान्यातले सगळे जसेच्या तसे लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत आधार कार्डावर सासरचे आणि पासपोर्टवर माहेरचे नाव असेल, तर परदेशी प्रवासाला फक्त पासपोर्ट ग्राह्य. आजीच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असेल, तर आधी त्याची दुरुस्ती करून घेणे बरे. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश देणे थांबवले आहे.

वयाचे शब्दही ठरलेले आहेत. दोन वर्षांखालील मूल 'इन्फंट', त्याला स्वतःची खुर्ची नसते, मांडीवर घ्यायचे असते. दोन ते बारा वर्षे 'चाइल्ड', त्याला खुर्ची लागते. वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचे, तिकीट काढल्याच्या दिवशीचे नव्हे. आपल्या उदाहरणातली मुलगी पावणेदोन वर्षांची आहे, आणि सुट्टीच्या मध्येच तिचा दुसरा वाढदिवस आला, तर परतीच्या विमानात तिला खुर्ची घ्यावीच लागेल. वाढदिवस समुद्रकिनारी साजरा करण्याची हौस असली तर हा खर्च आधीच मांडलेला बरा.

सामान: किलो की नग

देशांतर्गत प्रवासाला बहुतेक भारतीय कंपन्या इकॉनॉमीत काउंटरवर द्यायचे १५ किलोचे चेक-इन सामान आणि हातात न्यायची ७ किलोची केबिन बॅग देतात. परदेशी प्रवासात दोन पद्धती भेटतात. एकीत वजन मोजतात, म्हणजे माणशी इतके किलो. दुसरीत नग मोजतात. तिकिटावर '२ पी-सी' असे असेल तर दोन बॅगा, आणि अमेरिकेच्या प्रवासात त्यातली प्रत्येक साधारणतः २३ किलोपर्यंत. दुसऱ्या पद्धतीत एक बॅग ३० किलोची आणि दुसरी १० किलोची करून बेरीज जुळवता येत नाही. तिकिटावर 'शून्य पी-सी' किंवा 'हँड बॅगेज ओन्ली' असे असेल तर ते तिकीट का स्वस्त होते, हे कळते; सामान आधी ऑनलाइन घेतले तर काउंटरवरच्या दरापेक्षा बरेच स्वस्त पडते.

चेक-इन करताना 'धोकादायक वस्तू आहेत का' असे विचारतात, तेव्हा आपण सवयीने 'नाही' म्हणतो. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या सामानातच ठेवायची. आणि हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल, पण सुके खोबरेही त्या यादीत येते, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकते. परदेशातल्या लेकीसाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधून नेणाऱ्या आया काउंटरवर अडतात त्या यामुळे.

निघण्याच्या दिवशी

तिकिटावरच्या सगळ्या वेळा स्थानिक असतात. मुंबईहून २३:५० ला सुटणारे विमान बँकॉकला ०५:४० ला पोचते आणि शेजारी बारीक '+१' असते, म्हणजे दुसऱ्या दिवशी. थायलंडचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास, म्हणून प्रत्यक्ष प्रवास ४ तास २० मिनिटांचा. हॉटेलचे आरक्षण करताना हे '+१' विसरले की एका रात्रीचे पैसे फुकट जातात. आणि पहाटे पोचणाऱ्याला खोली दुपारीच मिळते, हे वेगळेच.

सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटपासून मागे ढकलले जाण्याची वेळ, आपण विमानात चढण्याची नव्हे. बोर्डिंगचे गेट त्याआधी २० ते २५ मिनिटे बंद होते आणि सामान घेणारे काउंटर देशांतर्गत उड्डाणासाठी साधारण ६० मिनिटे, तर आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी ६० ते ७५ मिनिटे आधी. वेब चेक-इन केले म्हणून ही मर्यादा सैल होत नाही.

काउंटरवर सामान दिल्यावर हँडलला गुंडाळलेली कागदी पट्टी आणि आपल्याला मिळालेला तिचा छोटा तुकडा नीट पाहावा. त्यावर ठळक छापलेली तीन अक्षरे म्हणजे बॅग कुठे उतरणार ते. एका पीएनआरवर बँकॉकमार्गे फुकेतला निघालेल्याच्या पट्टीवर एच-के-टी असेल तर बॅग थेट फुकेतला. बी-के-के असेल तर बँकॉकला उतरून ती पट्ट्यावरून स्वतः घ्यायची आणि पुढच्या विमानाला पुन्हा द्यायची. परतताना दिल्लीमार्गे पुण्याला येणाऱ्यांना पट्टीवर पी-एन-क्यू असूनही कस्टम्ससाठी बॅग बहुतेक वेळा पहिल्या भारतीय विमानतळावर घ्यावी लागते. अमेरिकेत उतरणाऱ्यांनाही पहिल्या विमानतळावर हेच करावे लागते. अक्षरे वेगळी दिसली तर काउंटरवरून हलण्याआधी विचारावे, कारण बॅग एकदा पट्ट्यावरून आत सरकली की त्या काउंटरवरच्या माणसाच्याही हातात फारसे काही राहत नाही.